पडद्याकडे न पाहता पडद्याची तपासणी

सोलापुरातील एखाद्या महाविद्यालयाच्या सभागृहात लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला, की बहुतेक वेळा क्षणभरात चित्र उमटते आणि कार्यक्रम सुरू होतो. कधी मात्र पडदा काळाच राहतो, कधी चित्र ताणलेले दिसते, तर कधी केबल काढून पुन्हा लावेपर्यंत काहीच घडत नाही. दोष कधी केबलचा असतो, कधी प्रोजेक्टरचा. पण या दोघांशी बोलणी करण्याचे काम ज्याच्याकडे असते, तो डिस्प्ले ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम आपल्या नजरेआड राहतो. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात हा ड्रायव्हर बहुधा कर्नलचा, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याचा, भाग असतो आणि त्याची प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते, बदलता येते. अशी एखादी ओळ बदलल्यावर जगभरातील तऱ्हेतऱ्हेच्या लॅपटॉपवर, मॉनिटरवर आणि प्रोजेक्टरवर चित्र पूर्वीसारखेच येईल याची खात्री कशी करून घेतली जाते, हे या लेखात समजावून सांगायचे आहे.

आधी कामाचा आवाका पाहू. १९२० × १०८० या सर्वसाधारण रिझोल्यूशनच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले, तर एक फ्रेम सुमारे ८३ लाख बाइटची होते, आणि अशा ६० फ्रेम दर सेकंदाला मेमरीतून वाचून केबलवर धाडायच्या म्हणजे सेकंदाला जवळपास ५० कोटी बाइट हलवायचे असतात. एका फ्रेमला मिळणारा वेळ १६.६७ मिलिसेकंद. त्यातही या रिझोल्यूशनच्या प्रचलित मांडणीत प्रत्यक्षात १,१२५ ओळी मोजल्या जातात. १,०८० ओळी दिसतात आणि उरलेल्या ४५ ओळींच्या वेळात, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश मिलिसेकंदात, पडद्यावर काहीच रंगवले जात नाही. या रिकाम्या वेळाला व्हर्टिकल ब्लँकिंग म्हणतात. जुनी फ्रेम बदलून नवी लावायची ती याच फटीत. ती चुकली तर पडद्याच्या वरच्या भागात नवे चित्र आणि खालच्या भागात जुने चित्र असा फाटलेला देखावा दिसतो.

लिनक्समध्ये हे काम डीआरएम नावाच्या उपप्रणालीकडे आहे आणि तिच्यातील पडदा सांभाळणाऱ्या भागाला केएमएस म्हणतात. २००९ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२९ या आवृत्तीत इंटेलच्या ड्रायव्हरसह केएमएस मुख्य कर्नलमध्ये आले. त्याआधी पडद्याचे रिझोल्यूशन ठरवण्याचे काम मुख्यतः कर्नलबाहेरचा ग्राफिक्स सर्व्हर करत असे. केएमएसने चित्राचा प्रवास पाच टप्प्यांत मांडला आहे. फ्रेमबफर म्हणजे मेमरीत तयार असलेले चित्र. प्लेन म्हणजे ते चित्र पडद्यावर कुठे, किती आकारात आणि कोणाच्या वर किंवा खाली ठेवायचे ते सांगणारा थर. मुख्य चित्र, व्हिडिओ आणि माउसचा बाण यांच्यासाठी वेगवेगळे प्लेन असू शकतात. सीआरटीसी हे सगळे थर एकत्र करून ठरलेल्या गतीने ओळीमागून ओळ बाहेर काढतो. त्याचे नाव काचेच्या फुगीर नळीच्या मॉनिटरच्या काळातले आहे, ते तसेच राहिले. एन्कोडर त्या प्रवाहाचे एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टला समजेल असे रूपांतर करतो, आणि कनेक्टर म्हणजे जिथे आपण केबल खोचतो ती जागा.

या पाच टप्प्यांच्या जोडण्या किती होऊ शकतात याचा विचार केला, म्हणजे चाचणीची खरी कठिणाई कळते. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा, बाहेरचा मॉनिटर, दोन्हींची वेगवेगळी गती, एकावर चित्र ९० अंशांत फिरवलेले, दुसऱ्यावर व्हिडिओ आकार बदलून दाखवलेला, आणि अशा स्थितीत कोणी केबल उपटली तर काय? म्हणून २०१५ पासून लिनक्समध्ये रूढ झालेल्या अॅटॉमिक पद्धतीत सगळे बदल एकत्र बांधून एकाच विनंतीत पाठवले जातात. ते सगळे लागू होतात किंवा एकही होत नाही. या विनंतीला ‘फक्त तपासा’ अशी खूण जोडता येते. मग ड्रायव्हर पडद्याला हात न लावता सांगतो, की ही मांडणी या हार्डवेअरला जमेल किंवा जमणार नाही. मला ही सोय फार मोलाची वाटते, कारण वापरकर्त्यासमोर पडदा काळा करून प्रयोग करण्याची वेळ तिच्यामुळे टळते. चाचणी लिहिणाऱ्यावर मात्र तिच्यामुळे एक जबाबदारी येते: ड्रायव्हरने ‘जमेल’ म्हटलेली मांडणी नंतर खरोखर लावून पाहायची आणि त्याने शब्द पाळला की नाही ते ताडायचे.

‘झाले’ म्हणणे आणि प्रत्यक्ष होणे

इथेच या विषयाचा गाभा आहे. साध्या प्रोग्रॅमची चाचणी म्हणजे त्याला काही द्यायचे, त्याने परत दिलेले उत्तर घ्यायचे आणि अपेक्षित उत्तराशी जुळते का ते पाहायचे. डिस्प्ले ड्रायव्हरचे उत्तर मात्र पडद्यावर असते, प्रोग्रॅमच्या हाती लागत नाही. ‘माउसचा बाण डाव्या कोपऱ्यात ने’ या आज्ञेवर ड्रायव्हर ‘नेला’ असे कळवू शकतो आणि बाण प्रत्यक्षात मध्यभागी राहू शकतो. सोलापूरची जेकार्ड चादर विणताना नक्षी आधी आलेख कागदावर उतरते, तिच्यावरून कार्डांना भोके पाडली जातात आणि कार्डांप्रमाणे ताण्याचे धागे उचलले जातात. पण कार्ड बिनचूक आहे म्हणून चादरही बिनचूक झाली असे अनुभवी विणकर मानत नाही, तो विणलेला नमुना उलगडून मूळ नक्षीशी जुळवून पाहतो. ड्रायव्हरच्या चाचणीतही विणलेला नमुनाच पाहावा लागतो, आणि तो माणसाच्या डोळ्यांशिवाय पाहावा लागतो, कारण हजारो चाचण्या रोज चालवायच्या तर प्रत्येक पडद्यासमोर माणूस बसवता येत नाही.

यावर शोधलेला उपाय म्हणजे सीआरसी. ही मोठ्या माहितीवरून गणिताने काढलेली एक छोटी संख्या असते. माहितीत एका पिक्सेलचा रंग जरी बदलला तरी संख्या बदलते. अनेक डिस्प्ले चिपमध्ये बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमची अशी संख्या हार्डवेअरच काढू शकते, आणि कर्नल ती डीबगएफएस या विकसकांसाठीच्या फाइलप्रणालीतून वाचायला देतो. मग चाचणी दोन पावलांत होते. पहिल्या पावलात अपेक्षित चित्र सर्वांत साध्या, भरवशाच्या मार्गाने तयार करतात. उदाहरणार्थ, माउसचा बाण मुख्य चित्रातच पिक्सेल-पिक्सेल रंगवून टाकतात आणि सीआरसी नोंदवतात. दुसऱ्या पावलात बाण मुख्य चित्रातून काढून हार्डवेअरच्या स्वतंत्र कर्सर प्लेनवर त्याच जागी ठेवतात आणि पुन्हा सीआरसी घेतात. पाहणाऱ्याला दोन्ही चित्रे सारखीच दिसायला हवीत, म्हणून दोन्ही संख्याही सारख्या यायला हव्यात. फिरवलेल्या चित्राचीही अशीच परीक्षा होते: एकदा प्रोसेसरकडून चित्र उलटे रंगवून घ्यायचे, एकदा सरळ चित्र देऊन हार्डवेअरला उलटे करायला सांगायचे, आणि संख्या जुळवायच्या.

या युक्तीची मर्यादाही नीट समजून घ्यावी लागते. सीआरसी दोन फ्रेम एकसारख्या आहेत की नाहीत एवढेच सांगतो. फरक किती आणि कुठे आहे हे सांगत नाही. दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या चिपची सीआरसी काढण्याची रीत वेगळी असू शकते, म्हणून एका यंत्रावरची संख्या दुसऱ्या यंत्राशी ताडण्यात अर्थ नसतो. चित्राचा आकार बदलताना किंवा व्हिडिओचे रंग रूपांतरित करताना अपूर्णांक वरखाली होतात, आणि डोळ्याला मुळीच न जाणवणाऱ्या फरकामुळे संख्या वेगळी येते. अशा ठिकाणी चाचणी लिहिणारे मुद्दाम साधे, सपाट रंगांचे नमुने निवडतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही संख्या बहुधा सीआरटीसीच्या टप्प्यावर काढलेली असते. त्यापुढे एन्कोडर, केबल आणि मॉनिटर यांनी काय केले ते तिला ठाऊक नसते.

तो शेवटचा टप्पा तपासण्यासाठी क्रोम ओएसच्या विकसकांनी कॅमेलियम नावाचे एक यंत्र घडवले. ते संगणकाला मॉनिटरसारखे जोडले जाते, आपण मॉनिटर असल्याचे भासवते आणि केबलमधून आलेली फ्रेम जशीच्या तशी पकडून ठेवते. केबल काढल्याचा आणि लावल्याचा आभास ते हुकमाप्रमाणे निर्माण करते, त्यामुळे सभागृहात वक्त्याला छळणारा तो प्रसंग प्रयोगशाळेत शेकडो वेळा घडवून पाहता येतो.

चाचण्यांचा संच

या सगळ्या चाचण्या आयजीटी जीपीयू टूल्स या मुक्त संचात एकत्र आहेत. त्याची सुरुवात इंटेलच्या ग्राफिक्ससाठी झाली आणि नावातही इंटेल होते. पुढे इतर कंपन्यांच्या ड्रायव्हरचे विकसकही तो वापरू लागले, तेव्हा नाव बदलले. त्यात पडद्याशी निगडित चाचण्यांची नावे केएमएस या अक्षरांनी सुरू होतात. एक चाचणी एकामागून एक फ्रेम बदलून प्रत्येक बदलाची वेळ मोजते आणि ६० हर्ट्झच्या पडद्यावर दोन बदलांतील अंतर १६.६७ मिलिसेकंदांच्या पटीत आहे का, एखादी फ्रेम हरवली का, हे पाहते. दुसरी मुद्दाम चुकीच्या विनंत्या पाठवते: मेमरीत मावणार नाही एवढा फ्रेमबफर, अस्तित्वात नसलेला रंगप्रकार, निरर्थक आकडे. तिथे ड्रायव्हरने नकार देणे हेच उत्तीर्ण होणे असते. काही चाचण्या यंत्राला मध्येच झोपवून पुन्हा जागे करतात, कारण पडद्याच्या तक्रारींचा मोठा वाटा लॅपटॉपचे झाकण उघडल्यानंतरचा असतो.

निकाल वाचताना नवा माणूस हमखास एका ठिकाणी अडखळतो. ‘स्किप’ म्हणजे ‘पास’ नव्हे. हार्डवेअरमध्ये ती सोय नसेल, मॉनिटर जोडलेला नसेल किंवा डीबगएफएस वाचण्याची परवानगी नसेल, तर चाचणी स्वतःला वगळते. म्हणजे त्या गोष्टीबद्दल आपल्याला काहीच कळलेले नसते. सगळ्या चाचण्या वगळल्या गेल्या आणि एकही नापास झाली नाही, म्हणून ड्रायव्हर उत्तम आहे असा निष्कर्ष काढणे ही गंभीर चूक ठरेल. त्याचप्रमाणे चाचणीचे उत्तर बरोबर आले, पण त्या वेळात कर्नलने आपल्या नोंदवहीत इशारा लिहिला, तर तो निकाल वेगळ्या नावाने नोंदवला जातो आणि त्याकडे बिघाड म्हणूनच पाहतात.

नव्या सोयी आल्या की तपासण्याच्या गोष्टीही वाढतात. खेळ खेळताना पडद्याची गती फ्रेमच्या गतीनुसार बदलणारी व्हीआरआर ही सोय वेळ मोजून तपासता येते. अतिशय उजळ आणि अतिशय गडद भाग एकाच चित्रात दाखवणाऱ्या एचडीआरचे तसे नाही. तिथे ड्रायव्हर मॉनिटरला कमाल उजेडासारखी माहिती पाठवतो; ती स्वीकारली गेली का हे प्रोग्रॅम पाहू शकतो, पण चित्र डोळ्यांना योग्य उजेडाचे वाटते का हे आजही माणसाने किंवा उजेड मोजणाऱ्या उपकरणानेच ठरवावे लागते. तरीही डीआरएमचा एक नियम मला फार योग्य वाटतो: वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमना दिसणारा नवा गुणधर्म कर्नलमध्ये आणायचा असेल, तर शक्य असेल तिथे त्याची आयजीटी चाचणी सोबत द्यावीच लागते. कर्नलने एकदा दिलेले आणि चालत असलेले काम पुढच्या आवृत्तीत मोडायचे नाही असा लिनक्सचा दंडक आहे, आणि चाचणीच नसेल तर मोडले हे कळणार तरी कसे?

सोलापुरातून काय करता येते

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांशी बोलताना अनेकदा ऐकू येते, की हे मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांचे काम आहे. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर व्हीकेएमएस. हा पूर्णपणे आभासी डिस्प्ले ड्रायव्हर २०१८ मध्ये लिनक्स ४.१९ सोबत मुख्य कर्नलमध्ये आला, आणि तो घडवण्यात गूगल समर ऑफ कोड आणि आउटरीची या उपक्रमांतून आलेल्या नवोदितांचा मोठा हात होता. त्याला ना ग्राफिक्स कार्ड लागते ना मॉनिटर. तो प्लेन एकत्र करणे, ब्लँकिंगची वेळ पाळणे आणि सीआरसी काढणे ही सगळी कामे सॉफ्टवेअरमध्ये करतो. त्यामुळे जुळे सोलापुरातील भाड्याच्या खोलीत, साध्या लॅपटॉपवरील व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात, आयजीटीच्या अनेक चाचण्या चालवून पाहता येतात आणि चूक झाली तरी व्हर्च्युअल मशीन पुन्हा सुरू केले की काम पुढे जाते. माझ्या मते या विषयाची सुरुवात इथूनच करावी.

खऱ्या यंत्रावर चाचणी चालवायची, तर पडद्याचा ताबा एका वेळी एकाच प्रोग्रॅमकडे असतो हे लक्षात ठेवावे. नेहमीचा डेस्कटॉप बंद करून मजकुराच्या कन्सोलवर यावे लागते, मूळ प्रशासकाचे अधिकार लागतात, आणि दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून आज्ञा देण्याच्या सोयीने, जोडणी करून ठेवलेली बरी, कारण पडदा काळा झाला तर कर्नल काय म्हणतो ते तिथूनच वाचता येते. चाचणीत रंग वेगाने लुकलुकतात; ज्यांना अशा प्रकाशाचा त्रास होतो त्यांनी समोर बसू नये. संपूर्ण संच चालायला बराच वेळ लागतो. मध्येच वीज गेली तरी हरकत नाही. संच चालवणाऱ्या प्रोग्रॅमला अर्धवट राहिलेली फेरी पुढे चालू करता येते.

दुसरे उत्तर आपल्या गावातील जुन्या सामानात आहे. प्रयोगशाळेतील मॉनिटर नवे आणि नियमाने वागणारे असतात. आपल्याकडे मात्र कार्यालयांतून निघालेले, दुरुस्त करून विकलेले मॉनिटर, दहा-बारा वर्षांचे प्रोजेक्टर आणि एचडीएमआयचे व्हीजीए करणारे स्वस्त कन्व्हर्टर सर्रास वापरात असतात, आणि ड्रायव्हरचे न सापडलेले दोष अशाच जोडण्यांत दडलेले असतात.

याचे कारण ईडीआयडी. प्रत्येक मॉनिटर आपली ओळख १२८ बाइटच्या एका तक्त्यात बाळगतो आणि जास्त माहिती असेल तर १२८ बाइटचे आणखी तुकडे जोडतो. त्यात निर्मात्याची खूण, उत्पादनाचे वर्ष, चालणारी रिझोल्यूशने आणि त्यांतले सर्वांत पसंतीचे कोणते हे लिहिलेले असते. शेवटचा बाइट असा निवडलेला असतो, की सगळ्या १२८ बाइटची बेरीज २५६ ने निःशेष भागली जावी. काही मॉनिटरमध्ये ही बेरीज चुकते, काहींमध्ये तक्ताच खोटा असतो. काही व्हीजीए केबलमध्ये ही माहिती वाहून नेणाऱ्या तारा जोडलेल्याच नसतात. मग कर्नलला मॉनिटरबद्दल काहीच कळत नाही आणि तो सावधपणे १०२४ × ७६८ पर्यंतचीच रिझोल्यूशने देऊ करतो. सभागृहातील ताणलेल्या चित्रामागे पुष्कळदा हेच कारण असते. ज्ञात असलेल्या विचित्र मॉनिटरची एक यादीच कर्नलमध्ये आहे. तीत निर्मात्याची खूण आणि मॉडेलचा क्रमांक पाहून त्या त्या मॉनिटरसाठी वेगळी वागणूक ठरवलेली असते.

ईडीआयडी साध्या फाइलसारखा वाचता येतो आणि विकसकाला तो आपल्या यंत्रावर लादताही येतो. म्हणजे नवी पेठेतल्या एखाद्या दुकानातील मॉनिटर जागचा न हलवता त्याची ओळख दूरच्या विकसकाच्या टेबलावर पोहोचते आणि दोष तिथे पुन्हा घडवता येतो. ती फाइल पाठवण्यापूर्वी त्यात मॉनिटरचा अनुक्रमांकही असू शकतो एवढे ध्यानात ठेवावे.

बिघाड कळवताना ‘डिस्प्ले चालत नाही’ या वाक्याने कोणाचेच काम होत नाही. कर्नलची नेमकी आवृत्ती, ग्राफिक्स चिप, मॉनिटरचा ईडीआयडी, मधल्या कन्व्हर्टरचा उल्लेख, डीआरएमच्या तपशीलवार नोंदी चालू करून घेतलेली कर्नलची नोंदवही, आणि दोष पुन्हा घडवण्याची पावले एवढे लिहावे. आधीच्या आवृत्तीत चित्र येत होते आणि नव्या आवृत्तीत येत नसेल, तर कर्नलमधील बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटची बायसेक्ट ही आज्ञा वापरून दोषी बदल शोधता येतो. दोन आवृत्त्यांच्या मधोमध असलेला कर्नल बांधायचा, तपासायचा, ‘चांगला’ की ‘वाईट’ ते सांगायचे आणि उरलेल्या अर्ध्या भागात पुन्हा तेच करायचे. दोन आवृत्त्यांमध्ये १६,००० बदल असले तरी १४ वेळा तपासून एका बदलापर्यंत पोहोचता येते. साध्या लॅपटॉपवर प्रत्येक कर्नल बांधायला वेळ लागतो, म्हणून फक्त आपल्या यंत्राला लागणारे भाग निवडून बांधणी करावी.

दोषी बदल हाती आला, की विकसकाचे काम पुष्कळ सोपे होते. दुरुस्तीचा पॅच तयार झाल्यावर तो तपासण्यासाठी बहुधा ज्याने दोष कळवला त्याच्याकडेच येतो, कारण तो मॉनिटर आणि ती केबल त्याच्याचजवळ असते. पॅच मुख्य कर्नलमध्ये गेला, की कळवणाऱ्याच्या संमतीने त्याचे नाव ‘रिपोर्टेड बाय’ आणि ‘टेस्टेड बाय’ या ओळींत त्या बदलाच्या नोंदीत लिहिले जाते, आणि तोच दोष पुन्हा शिरू नये म्हणून शक्य असेल तिथे त्याची नवी चाचणी संचात घातली जाते.